संगणक-शंका : घरच्या यंत्राला नाव कोणते द्यावे?

या महिन्यात एकाच विषयावरची पाच पत्रे आली, म्हणून सदराची सगळी जागा त्याच विषयाला दिली आहे. अंकात रोमन अक्षरे छापण्याची पद्धत नसल्यामुळे यंत्रांची नावे खाली देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती लहान रोमन अक्षरांतच टंकावीत. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

प्रश्न : आमच्या घरी दोन लॅपटॉप, मुलाचा एक डेस्कटॉप आणि एक प्रिंटर एकाच राउटरला जोडलेले आहेत. आता फोटो आणि हिशेबाच्या फायली एकत्र ठेवण्यासाठी एक जुना डेस्कटॉप घेतला आहे. त्यावर लिनक्स ही संगणकप्रणाली बसवताना मध्येच होस्टनेम, म्हणजे नेटवर्कवरचे यंत्राचे नाव, विचारले जाते आणि तेथे आमचे घोडे अडले आहे. मुलगा म्हणतो ‘सर्व्हर’ लिही, यजमान म्हणतात आडनाव घाल, मला ‘घटप्रभा’ हे नाव आवडते. नावाने खरोखरच काही फरक पडतो का?
— एक गृहिणी, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : यंत्राला काहीच फरक पडत नाही. राउटर त्याला १९२.१६८.१.७ अशा आकड्यांवरून ओळखतो. हे आकडे खासगी नेटवर्कसाठी राखून ठेवलेल्या गटातले असल्यामुळे आपल्या शेजाऱ्यांच्या घरातील एखाद्या यंत्राचाही नेमका हाच पत्ता असू शकतो, आणि तरीही कोणाचे काही अडत नाही. नाव लागते ते घरच्या माणसांना. राउटर बंद होऊन चालू झाला की आकडा बदलू शकतो, बदलला नाही तरी तो कोणाच्या लक्षात राहत नाही, आणि फोटोंचा फोल्डर उघडताना किंवा बॅकअप लावताना कोणते यंत्र हे सांगावेच लागते. एकदा दिलेले नाव इतर यंत्रांच्या सेटिंगमध्ये जागोजागी जाऊन बसते. यंत्राचे काम, त्याची जागा आणि ते वापरणारा माणूस मात्र बदलत राहतो. आपल्या घरातील तीनपैकी दोन सूचना याच कारणासाठी बाद कराव्यात असे माझे मत आहे.

‘सर्व्हर’ हे कामाचे नाव झाले. दोन वर्षांनी दुसरे यंत्र आले आणि फोटो तिकडे हलवले, की ज्याचे नाव सर्व्हर ते नुसते पडून आणि जे खरे काम करते त्याचे नाव ‘सर्व्हर-दोन’, अशी स्थिती होते. आडनाव घरातील पाचही यंत्रांना सारखेच लागू पडत असल्यामुळे त्यावरून नेमके कोणते यंत्र हे कळतच नाही. जागेच्या नावाचे काय होते, हे माझ्याच घरचे उदाहरण देऊन सांगतो. वरच्या मजल्यावरील खोलीत ठेवलेल्या डेस्कटॉपला मी ‘माडी’ हे नाव दिले होते. दोन पावसाळ्यांनंतर त्या खोलीत कौलांतून गळू लागले, म्हणून तो जिन्याखालच्या कोनाड्यात आणला आणि नाव बदलायचे राहून गेले. त्यानंतर कित्येक महिने, बॅकअप अडला की स्क्रीनवर ‘माडी सापडत नाही’ असा संदेश येई आणि वडील गुडघ्यावर हात ठेवत जिना चढून वर जात. वर एक रिकामे टेबल आणि भिंतीतून लोंबणारी वायर एवढेच उरले होते.

काम सांगणारे नाव हवेच असेल, तर ते टोपणनाव म्हणून द्यावे. बऱ्याच राउटरांत, आणि ते जमत नसेल तर प्रत्येक संगणकातील ‘होस्ट्स’ या फाइलमध्ये, एकाच पत्त्यासमोर दुसरे नाव लिहिता येते. यंत्राचे कायमचे नाव काहीही असो, ‘फोटो’ हे टोपणनाव आज या यंत्राकडे आणि उद्या नव्या यंत्राकडे वळवता येते, आणि घरातील कोणालाही त्याची दखल घ्यावी लागत नाही. मात्र त्यासाठी त्या यंत्राचा आकडी पत्ता राउटरमध्ये कायम करून ठेवावा.

नेहमीच्या बोलण्यातले शब्दही टाळावेत. एका परिचितांनी हौसेने आपल्या संगणकाचे नाव ‘उद्या’ ठेवले होते. ‘उद्या बंद आहे’ असे कोणी फोनवर सांगितले, तर आमच्या सीमाभागात संगणकाचा विचार सर्वांत शेवटी मनात येतो.

आता ‘घटप्रभा’. नाव सुंदर आहे आणि कल्पनाही योग्य आहे, पण माझी एक हरकत आहे आणि ती आपल्या भागापुरती मोठी आहे. इंटरनेटचे तांत्रिक दस्तऐवज ज्या आरएफसी मालिकेत निघतात, तिच्यात डॉन लिब्स यांनी ऑगस्ट १९९० मध्ये संगणकाचे नाव कसे निवडावे एवढ्याच विषयावर ११७८ क्रमांकाचे टिपण लिहिले. स्वतःचे नाव देऊ नये, चालू प्रकल्पाचे नाव देऊ नये, फार लांब नाव नको, एखाद्या ठरावीक विषयातील नावे घ्यावीत, हा त्यातील सल्ला आजही उपयोगी आहे. पर्यायी स्पेलिंगे टाळावीत असेही त्यात आहे, परंतु मराठी शब्द रोमन लिपीत लिहिताना ही अडचण किती पसरते, हे इंग्रजीत विचार करणाऱ्याच्या ध्यानात येण्याचे कारण नाही. आपण मराठीत ‘घट्प्रभा’ असे म्हणतो, त्यामुळे आपली दहा अक्षरे होतात. कन्नड बोलणारा माणूस ‘ट’मधला ‘अ’ पूर्ण उच्चारतो आणि म्हणून टीनंतर आणखी एक ए घालतो; त्याची अकरा होतात. दोघेही बरोबर असतात आणि दोघांपैकी एकालाच यंत्र सापडते. आपल्या शहराचेच पाहा ना. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी इंग्रजीत ‘बेलगाम’चे ‘बेळगावी’ झाले. या सदराला येणाऱ्या पाकिटांवर आजही त्याची तीन-चार स्पेलिंगे दिसतात. रेल्वे स्थानकाचा बीजीएम आणि विमानतळाचा आयएक्सजी हे संकेत मात्र होते तसेच आहेत. यंत्राच्या नावाकडून आपली अपेक्षा बीजीएमसारखी असावी.

म्हणून नाव ठरवताना शब्दाचा अर्थ पाहण्यापूर्वी त्याची अक्षरे तपासावीत. ‘व’ असेल तर व्ही की डब्ल्यू हा वाद येतो. ‘श’ असेल तर पुढे एच लावायचा की नाही हे ठरत नाही. हलशीला कोणी एचशिवाय लिहितो, कोणी एचसह. शब्दाच्या मध्ये दीर्घ ‘ई’ किंवा ‘ऊ’ असेल, तर भीमगडाची दोन रूपे होतात. ‘ज्ञ’ तर घेऊच नये, कारण मराठी माणूस तो डी-एन-वायने लिहितो आणि कन्नड माणूस जे-एनने. ‘ळ’ रोमनमध्ये ‘ल’ होऊन जातो, त्यामुळे लिहिलेले आणि बोललेले जुळत नाही. आणि मघाशी सांगितलेला शब्दाच्या पोटातला मुका ‘अ’ हा सगळ्यांत फसवा. सोपी कसोटी अशी की, मनातले नाव घरातील तिघांना फक्त तोंडाने सांगावे आणि प्रत्येकाकडून रोमनमध्ये लिहून घ्यावे. तिन्ही चिठ्ठ्या जुळल्या तर नाव ठेवावे. सून किंवा जावई धारवाडकडचे असतील, तर त्यांचा समावेश अवश्य करावा.

या चाळणीतून पावसाळी सहलींची नावे चांगली उतरतात: जांबोटी, अंबोली, गोकाक, चोर्ला. अक्षरे पाच ते सात, स्पेलिंग एकच, आणि आणखी यंत्र आले तर पुढचे नाव शोधायला फार लांब जावे लागत नाही. गावाचे नाव दिले तर जागेचे नाव दिल्यासारखे होत नाही का, असे आपण विचाराल. आपला डेस्कटॉप गोकाकला ठेवला आहे असे घरात कोणालाही वाटणार नाही, म्हणून चालते. ज्यांचे दुकान किंवा नातलगांचे घर खरोखरच गोकाकला आहे, त्यांनी ते नाव टाळावे. खाण्याच्या पदार्थांपैकी ‘कुंदा’ मला पसंत आहे. ‘लाडू’ नको, त्याची तीन स्पेलिंगे होतात. ‘पोपट’चे स्पेलिंग निर्दोष आहे, पण यंत्र बंद पडल्यावर घरातील मुले जे म्हणतील ते ऐकण्याची तयारी ठेवावी.

नियमांचे थोडक्यात सांगतो. इंग्रजी अक्षरे, अंक आणि हायफन एवढीच चिन्हे चालतात. हायफन नावाच्या सुरुवातीला किंवा शेवटी येत नाही. मोकळी जागा आणि अंडरस्कोर चालत नाहीत. लहान-मोठ्या अक्षरांत भेद केला जात नाही. नुसते अंक देऊ नयेत. एका नावाची कमाल मर्यादा ६३ अक्षरांची आहे, पण विंडोजच्या जुन्या नेटबायोस पद्धतीत १५ अक्षरांच्या पुढचे कापले जाते, म्हणून १५ हीच मर्यादा धरावी. विंडोज स्वतः बसवताना जे नाव देते, ते म्हणजे ‘डेस्कटॉप’, एक हायफन आणि कशीही जुळवलेली सात अक्षरे व अंक. मोजून पाहिल्यास ते बरोबर १५ भरते.

प्रश्न : संगणकाचे नाव देवनागरीत ठेवता येत नाही का? ‘डॉट भारत’ अशी संकेतस्थळे निघाली आहेत असे वाचले होते. मग घरातल्या यंत्रानेच काय घोडे मारले आहे?
— एक शिक्षक, निपाणी

उत्तर : ‘डॉट भारत’ २०१४ पासून वापरात आहे हे खरे, परंतु तेथेही प्रत्यक्ष प्रवास रोमन अक्षरांचाच होतो. आपण ब्राउझरमध्ये देवनागरी नाव टंकले की ‘प्युनिकोड’ नावाच्या पद्धतीने, जी २००३ मध्ये ठरली, त्याचे एक रोमन रूप तयार होते. त्याच्या आरंभी एक्स, एन आणि दोन हायफन असतात, आणि पुढे जे येते ते कोणालाही वाचता येत नाही. ब्राउझर हे भाषांतर आपल्या नकळत करतो. घरातला राउटर, प्रिंटर आणि बॅकअपचे सॉफ्टवेअर ते करतीलच याची खात्री नसते. एखादे यंत्र नाव जसेच्या तसे स्वीकारते, दुसरे त्याच्या जागी चौकोन दाखवते आणि तिसरे ते नाकारते. माझा मराठीचा आग्रह आपल्याइतकाच आहे, तरी होस्टनेम रोमनमध्येच ठेवावे असे मी सांगेन.

मात्र आपली इच्छा अगदीच वाया जात नाही. अनेक प्रणालींत होस्टनेमखेरीज एक दर्शनी नाव निराळे ठेवण्याची सोय असते. लिनक्समध्ये ‘होस्टनेमसीटीएल’ या आज्ञेला ‘प्रिटी’ हा पर्याय दिला, की हवे ते देवनागरी नाव, मोकळ्या जागांसह, नोंदवता येते. मॅकवर संगणकाचे नाव आणि नेटवर्कवरील नाव अशा दोन नोंदी वेगळ्याच असतात. फोनचे ब्लूटूथवर दिसणारे नावही देवनागरीत ठेवता येते. वाय-फायच्या नावाला ३२ बाइटांची मर्यादा आहे आणि देवनागरीचे प्रत्येक अक्षर, तसेच प्रत्येक मात्रा व काना, तीन बाइट घेतो. ‘बेळगाव’ एवढ्या शब्दाचे १८ बाइट होतात. ‘बेळगावचे आमचे घर’ एवढे त्यात मावणार नाही, हे आधीच ध्यानात ठेवावे.

प्रश्न : मी माझ्या घरगुती सर्व्हरच्या नावापुढे ‘डॉट डेव्ह’ लावले होते. तांत्रिक काम करणाऱ्याला ते शोभून दिसते असे वाटले. काही दिवसांनी ब्राउझर ते पान उघडेनासा झाला आणि सुरक्षित जोडणी नाही अशी तक्रार करू लागला. ‘डॉट लोकल’ लावावे, ‘डॉट होम’ लावावे की ‘डॉट लॅन’, याबद्दल प्रत्येक जण वेगळे सांगतो.
— एक अभियंता, खानापूर

उत्तर : ‘डॉट डेव्ह’ हा शेपटीचा शब्द आपला नव्हता, तेथेच चूक झाली. ते गूगलच्या ताब्यातील खरे डोमेन आहे. डिसेंबर २०१७ मध्ये आलेल्या क्रोमच्या ६३ व्या आवृत्तीपासून ‘डॉट डेव्ह’ने संपणारा प्रत्येक पत्ता सक्तीने एचटीटीपीएसवर, म्हणजे सुरक्षित जोडणीवरच, उघडला जाऊ लागला, आणि ज्यांनी घरी किंवा कचेरीत चाचणीसाठी ते नाव वापरले होते, त्या सगळ्यांची पाने अडली. आज जगात नसलेली शेपटी उद्या कोणीतरी विकत घेऊ शकतो, हे गृहीत धरूनच निवड करावी.

‘डॉट लोकल’ मोकळे नाही. फेब्रुवारी २०१३ च्या आरएफसी ६७६२ प्रमाणे ते मल्टिकास्ट डीएनएस या पद्धतीसाठी राखलेले आहे. या पद्धतीत यंत्रे कोणत्याही सर्व्हरला न विचारता ‘गोकाक कोण आहे?’ असा पुकारा सगळ्या नेटवर्कवर करतात आणि ज्याचे ते नाव असेल ते उत्तर देते. ॲपलची यंत्रे हे पहिल्यापासून करतात, लिनक्सवर ‘अवाही’ हे सॉफ्टवेअर करते, विंडोज १० मध्येही ही सोय आहे. काही जुने अँड्रॉइड फोन मात्र या पुकाऱ्यातून नाव शोधू शकत नाहीत. म्हणजे आपण स्वतः काहीही न करता ‘गोकाक डॉट लोकल’ बहुतेक ठिकाणी चालेल. वाईट होते ते राउटरमध्येही हीच शेपटी भरल्यावर, कारण मग एकाच नावाची दोन ठिकाणांहून उत्तरे येऊ लागतात आणि पान कधी लगेच, कधी पाच सेकंदांनी, तर कधी मुळीच उघडत नाही. असा दोष शोधून काढण्यात माणसाचे सबंध रविवार जातात.

‘डॉट लॅन’ आणि ‘डॉट होम’ कित्येक घरांत विनातक्रार चालतात. तथापि ती घरगुती वापरासाठी विधिपूर्वक राखलेली नाहीत. ‘डॉट होम’चा इतका गैरवापर झालेला आढळला की, ते कोणालाही द्यायचे नाही असे इंटरनेटवरील नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने २०१८ मध्ये ठरवले. घरासाठी खास ठरवून दिलेली शेपटी म्हणजे ‘होम डॉट आर्पा’, जी मे २०१८ च्या आरएफसी ८३७५ मध्ये आहे. ती दिसायला रुक्ष आहे हे मान्य. तिच्याहून सुटसुटीत ‘डॉट इंटर्नल’ हे नाव आयकॅनने जुलै २०२४ मध्ये खासगी वापरासाठी कायमचे राखून ठेवले. राउटरमध्ये या दोहोंपैकी कोणतीही एक शेपटी भरावी. मी स्वतः दुसरी वापरतो. आपल्या नावावर एखादे विकत घेतलेले डोमेन असेल, तर त्याचाच एक उपविभाग घरासाठी काढणे सर्वांत उत्तम, कारण त्याला ब्राउझरने मान्य केलेले सुरक्षा प्रमाणपत्र मोफत मिळवता येते, आणि आपली मूळ तक्रार त्याच प्रमाणपत्राची होती.

प्रश्न : दुकानात साड्यांचा हिशेब ठेवण्यासाठी दोन संगणक आहेत. दुसरा संगणक आणला तेव्हा दुरुस्ती करणाऱ्याने पहिल्याची हार्ड डिस्क जशीच्या तशी उतरवून दिली. आता दोघांचे नाव एकच आहे आणि प्रिंट कधी निघते, कधी निघत नाही. नाव बदलले तर हिशेब बिघडेल का?
— एक व्यापारी, शहापूर, बेळगाव

उत्तर : एका गल्लीत एकाच नावाची दोन दुकाने असल्यावर हमालाने गठ्ठा कोठे टाकावा, तसे हे झाले आहे. नाव बदलावेच लागेल. हिशेबाला धक्का लागत नाही, पण नाव कोणत्या यंत्राचे बदलता याला महत्त्व आहे. ज्या संगणकावर हिशेबाचा मूळ डेटा आहे आणि ज्याला प्रिंटर जोडलेला आहे, त्याचे नाव तसेच ठेवावे आणि नंतर आणलेल्याचे बदलावे, म्हणजे जुन्या नावाने नोंदवलेले मार्ग तुटत नाहीत. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट या क्रमाने गेल्यावर ‘या पीसीचे नाव बदला’ या अर्थाचे बटण मिळते. नवे नाव संगणक पुन्हा सुरू केल्यावरच लागू होते. हे काम दुकान बंद झाल्यावर करावे, आणि आधी डेटाची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून ती घरी न्यावी. दोन्ही संगणकांत एकमेकांचे फोल्डर जोडलेले असतील, तर नाव बदललेल्या यंत्राकडे जाणारी जोडणी काढून नव्या नावाने पुन्हा करावी लागेल.

लिनक्स वापरणाऱ्या वाचकांसाठी एवढेच जोडतो की, होस्टनेमसीटीएलने नाव बदलल्यावर ‘होस्ट्स’ फाइलमधील १२७.०.१.१ ने सुरू होणारी ओळही तपासावी. तेथे जुने नाव राहिले, तर प्रत्येक सुडो आज्ञेनंतर नाव सापडत नसल्याची कुरकुर ऐकावी लागते.

प्रश्न : वसतिगृहाच्या वाय-फायवर माझ्या लॅपटॉपचे नाव इतरांना दिसते का? त्यात माझे पूर्ण नाव आणि जन्मवर्ष आहे.
— एक विद्यार्थिनी, बेळगाव

उत्तर : दिसते. वाय-फायला जोडले जाताना लॅपटॉप राउटरकडे आकडी पत्ता मागतो, आणि त्या मागणीबरोबर बहुधा आपले होस्टनेमही पाठवतो. ते राउटरच्या यादीत नोंदले जाते. मल्टिकास्ट डीएनएस चालू असेल, तर तेच नाव त्या नेटवर्कवरील इतरांनाही कळते. हार्डवेअरचा, म्हणजे यंत्राच्या वाय-फाय भागाचा, पत्ता दर वेळी बदलण्याची सोय चालू केली तरी नाव तसेच जाते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. आजच नाव बदलून ‘अंबोली’ करा, आणि त्याबरोबर फोनचेही पाहा, कारण आपले नाव आणि फोनचे मॉडेल जोडून तयार झालेले नाव बऱ्याच फोनांवर पहिल्या दिवसापासून तसेच राहिलेले असते.